मास्तरनं शिकोलेली चाल

५ जानेवारी १९३९, गुरुवार. सोनाळा.

वासंतीताईनं आमाले सगळ्या पोरीइले एक एक वही देल्ली. रोज काय खाल्लं, किती बैठका काढल्या अन् मनात काय आलं ते लिहाचं म्हने. पुन्याच्या पोरी असंच करतेत. मी चौथीतून शाळा सोडली, जोडाक्षराले हात अडते, पन ताईले नाई म्हनाची माही हिंमत नाई. तशी कोनालेच नाई म्हनाची नाई.

खाल्लं: भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी. बैठका: सांगतल्या तेवढ्या. मनात: काई नाई.

ताई म्हंजे ढोराच्या डाक्तरची बायको. ते दोघं गावात आले तवा बाया म्हने, सरकारनं बैलाइसाठी बाप्या धाडला अन् पोरीइसाठी बाई. तिनं मारोतीच्या मांगच्या पडीत रेघा आखल्या अन् पोरीइची हुतूतूची पार्टी उभी केली. मले तिनं हिरीवर पाह्यलं. बाले पोरगा नाई, म्हून मोट मीच हाकते. ताई म्हने, "एवढा दम कुठून आणलास ग?" मी पदराचं टोक चावत उभी राह्यली.

माहं नाव कोकिळा हाये. ज्यानं ठेवलं त्यानं आवाज ऐकून ठेवलं नाई. माहा आवाज बैलाइले आवडते, मानसाइले नाई. म्हून मी बोलतच नाई. लोक म्हनते, पुंजाजीची पोरगी लय लाजाळू, चांगल्या वळनाची.


९ जानेवारी, सोमवार.

ही वही ताईले दाखवाची नाई असं ठरोलं, म्हून खरं लिहून टाकते.

आजपासून मी पडवीत कांबळ्यावर बसली हाये. शिवाचं नाई, पानी भराचं नाई, खेळाले जाचं नाई. दर महिन्याले बसते. पन मले झालं काईच नाई. मले सतरावं लागलं, सोबतच्या पोरीइच्या कडेवर लेकरं हायेत, अन् मले कावळा एकदा बी शिवला नाई. मायनं पोरसालपासून वाट पाह्यली, मंग शेजारच्या आशाकाकूनं इचारलं, "काऊन व सुभद्राबाई, पोरीचं अजून कसं नाई?" त्याच्या दुसऱ्याच दिवशी मायनं मले पडवीत बसोलं. आत्यानं हिरवं लुगडं धाडलं, बायाइनं ओटी भरली, पुरनाचं जेवन झालं. जो कावळा आलाच नाई त्याच्या नावानं सारी गल्ली जेवून गेली.

आज ताई पायरीपाशी आली. मायले म्हने, "किती नियमित आहे हो हिचं. व्यायामाचाच गुण."

माय म्हने, "हाव बाई."


१६ जानेवारी, सोमवार.

काल आमच्या तालुक्याच्या गावी, जळगावले, सामने झाले. संक्रांतीचं हळदीकुंकू अन् त्याच्यासंगं बायाइचे खेळ. चारी बाजूनं कनात लावली होती, आत एक बी मानूस नाई, धा वर्साचं पोट्टं बी नाई. भगिनी समाजाच्या अध्यक्ष पुष्पाबाई देशमुखीन खुर्चीवर बसल्या होत्या. त्याइच्या ओठावर लव हाये, चांगली दिसते अशी. पन ते पाहाची जागा नव्हती.

माही खेळाची पाळी आली. हुतूतूत एक वाईट गोठ हाये. तोंड मिटून खेळता येत नाई. रेघ ओलांडली का परत येऊस्तोवर "हुतूतू" मोठ्यानं म्हना लागते, दम तुटला का मेला. गावात आमी हळूच म्हनत होतो, ताई चालवून घ्ये. तिथं पंच बाई म्हने, ऐकू आलं पायजे. मंग मी बैल वळोतो तसा आवाज काढला.

मी तिघीइले शिवून परत आली. टाळ्या नाई वाजल्या. साऱ्या बाया डोक्यावरचा पदर सावरून राह्यल्या होत्या. दोघी तं कनातीच्या भाईर पयाल्या.

पुष्पाबाई उभ्या राह्यल्या. म्हने, "खेळ थांबवा. हा बाप्या हाये."

ताई लय भांडली. माय बी पुढं झाली, म्हने, "बाईसाहेब, मी जन्म देला, मले माहीत नाई का?"

पुष्पाबाई म्हने, "आईची साक्ष धरत नाईत."

एक बाई म्हने, "डाक्तरले दाखवा मंग. यांच्या घरातच हाये."

ताई म्हने, "ते जनावरांचे आहेत."

"मंग तं बरंच," ते बाई म्हने, अन् सगळ्या हासल्या. मी बी हासली, थोडीशी. माह्यावर हासून राह्यल्या हे मांगून समजलं.

असं ठरलं का एकोनतीस तारखेले देशमुखाच्या घरी समाजाच्या बाया मले तपासतीन. बाई निघाली तं सोनाळ्याची पार्टी बुलढान्याले जिल्ह्याच्या सामन्याले जाईन. नाई निघाली तं आमाले तालुक्यात खेळाची बंदी. अन् मले काय, ते कोनं सांगतलं नाई.


१८ जानेवारी, बुधवार.

पातुर्ड्याचे रामराव मले पाहाले येनार होते, त्याइच्या पोरासाठी. आज निरोप आला. त्याइची बहीन कनातीत होती. "जळगावचं काय होते ते पाहू, मंग पोरगी पाहू."

माय चुलीपुढं बसून राह्यली. बा कासरा वळत बसला. बा कवाच बोलत नाई. मी त्याच्यावरच गेली हाये असं लोक म्हनतेत, आता ते बी म्हनाचं बंद करतीन.

मोट हाकता हाकता मी इचार केला. माय बाई हाये. आशाकाकू बाई हाये. पुष्पाबाई बाई हाये. वासंतीताई बाई हाये. या चौघीत सारखं काय हाये ते मी लय शोधलं. लुगडं सापडलं. बाकी काई सापडलं नाई. लुगडं तं मी बी नेसते.

मले बाप्या व्हाचं हाये का? तसं बी नाई. बाप्याइले चावडीवर बसून बोलाव लागते. मले बोलता येत नाई.


२० जानेवारी, शुक्रवार.

ताई अन् माय दोघीइनं मिळून उपाय काढला. बाईसारखं कसं दिसावं हे सोनाळ्यात एकाच मानसाले येते, लक्ष्मीकांत मास्तरले. शिवरात्रीच्या नाटकात राणीचं काम दरसाली तेच करतेत. आमच्या गावच्या बाया निऱ्या कशा घालाव्या ते त्याइले पाहून शिकल्या. आशाकाकू मागच्या साली मांडवात उठून म्हने, "थांबा व, पदर कसा घेतला ते मले नीट पाहू द्या."

मास्तर लगेच हो म्हने. मायनं इचारलं, तुमच्या घरून कोनी बोलन का? मास्तर म्हने, "घरी हाये कोन?" त्याइची बायको दोन सालापासून माहेरी हाये. काऊन गेली ते कोनी सांगत नाई, अन् मास्तर बी वाईट वाटून घेत नाईत.


२३ जानेवारी, सोमवार.

शाळा सुटली का वर्‍हांड्यात शिकोनी होते. माय भिंतीले टेकून बसते.

मास्तर म्हने, "पाय उचलू नको, सरकव. तू पेरनीले चालली का?"

मी सरकोला.

"खांदे उतरव. मान एका आंगानं. आता हा उंबरा. उंबऱ्यापाशी थोडी थांब. आत जाव का नाई हे जसं काई तुह्या मनात ठरलं नाई. बाई कधी सरळ आत जात नाई."

माय मधातच बोलली, "मी तं सरळ जाते बा, मास्तर. डोक्यावर भारा असते."

मास्तर म्हने, "सुभद्राबाई, तुमी बाई हायेत. तुमाले बाई दिसाची गरज नाई."

मंग त्याइनं सोताच चालून दाखोलं. धोतरच होतं आंगावर, डोक्यावर काळी टोपी. पन उंबऱ्यापाशी थांबले अन् मांग वळून पाह्यलं, तं मायनं पदर तोंडाले लावला. मले वाटलं हासून राह्यली. हासून नव्हती राह्यली. म्हने, "असं मी लग्नात बी नाई चालली."


२६ जानेवारी, गुरुवार.

आवाज. मास्तर म्हने, आवाज पोटातून नाई, नाकाच्या वरतून काढाचा, जसा सुईत दोरा ओवाचा. मी काढला तं ढोरं उठून उभी राह्यली. दुसऱ्यांदा बरा आला.

आज माय वावरात गेली होती, ताई बसली होती, पन ताईले पुस्तक वाचता वाचता डुलकी लागली. मास्तर माह्या पदराची घडी दाखोत होते. हळूच म्हने, "नाटकाचं लुगडं नेसलं, कुंकू लावलं, का मले कसं बाजारातून आपल्या घरी आल्यावानी वाटते. पडदा पडला का परत बाजारात जा लागते."

मी म्हनलं, "मले काष्टा मारून रेघ ओलांडली का तसं वाटते."

एवढं मोठं वाक्य मी बाच्या समोर बी कधी बोलली नाई. अन् आपल्याच आवाजात बोलली. मास्तरनं ते घडी मोडली अन् पुन्हा घातली. मले वाटलं माहं चुकलं, चाल शिकाची सोडून मी खेळाची गोठ काढली म्हून राग आला.


२९ जानेवारी, रविवार.

देशमुखाच्या घरी समाजाच्या बाया गोल करून बसल्या होत्या. माय अन् ताई दारापाशी.

पयले हेच ठरेना का तपासाचं कसं. एक म्हने, आतल्या खोलीत न्या. दुसरी म्हने, नेईन कोन, तुमी न्या. पयली म्हने, मी कशाले, तुमी मोठ्या. असं फिरत फिरत पुष्पाबाईवर आलं. पुष्पाबाई म्हने, "आपन घरंदाज बाया. आपन असलं पाहत नाई. बाई हाये का नाई हे चालीवरून समजते."

सगळ्याइले बरं वाटलं. मले सगळ्यात बरं वाटलं.

मले हळदीकुंकवाचं ताट देल्लं. मी उंबऱ्यापाशी आली, थांबली. मान एका आंगानं. आत जाव का नाई हे माह्या मनात ठरलं नाई. मंग पाय सरकोत गेली, एकेकीले कुंकू लावलं, अन् मास्तर राजाले इडा देतेत तसं हाताले थोडं वळन देल्लं. कोनीतरी म्हने, "अगं बाई, किती नाजूक." पुष्पाबाईनं त्याइच्या सुनेले म्हनलं, "पाय जरा, शीक काई. धपाधपा चालते." सून बिचारी उठून आत गेली, धपाधपा.

मंग जात्यावर बसोलं, वव्या म्हनाले लावल्या. सुईत दोरा ओवला. दोन वव्या निभावल्या. तिसरीले दम संपला तं मी डोळ्याले पदर लावला. हे मास्तरनंच सांगतलं होतं का अडलं तं रडाचं, कोनी पुढचं इचारत नाई. बाया म्हने, माहेरची ववी हाये, गहिवरली पोर.

पुष्पाबाईनं साऱ्याइच्या समोर सांगतलं, "ही बाई हाये. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. याच्यापुढं कोनी शंका घेतली तं ते माह्या शब्दावर घेतली असं मी समजन." मंग मले बाजूले घेऊन म्हने, "खेळात मात्र असाच आवाज ठेवजो."

रामरावची बहीन बी तिथंच होती. भाईर आल्यावर मायच्या हातात हात देऊन म्हने, पोरगी पसंत हाये समजा, अशी चाल आमच्या पातुर्ड्यात कोनाची नाई.

गाडीत माय सारी वाट बोलत होती. त्याइनं पसंत केली ते मास्तरची चाल हाये. लग्न झाल्यावर मी एखाद्या दिवशी इसरली तं?


३ फेब्रुवारी, शुक्रवार.

दोन घोर.

एक. बारीक आवाजानं दम पुरत नाई. नाकाच्या वरून हुतूतू म्हनलं का अर्ध्यातच छाती रिकामी होते. ताई म्हने, सवय होईल. आज तीनदा मेली.

दोन. बुलढान्याचा सामना अकरा तारखेले हाये अन् मी बसते ते नऊ तारखेपासून. माय म्हने, नाई जमनार. आशाकाकू बोटावर मोजते. मांगच्या महिन्याची तारीख तिले माह्यापेक्षा पाठ हाये. बसली नाई तं इचारन, अन् बसली तं चार दिवस घराभाईर पाय नाई.

माय रडाले आली. ज्या सोंगानं इज्जत राखली तेच आता आडवं आलं. इज्जतीसाठी बसाव, का इज्जतीसाठी खेळाव, हे तिले समजेना.

बा जेवत होता. भाकरीचा तुकडा मोडत म्हने, "चार दिवस आधी बसव."

माय म्हने, "अन् तारीख?"

बा म्हने, "बसनं खोटं, तं तारीख काऊन खरी पायजे?"

म्हंजे त्याले सालभर माहीत होतं. त्यानं पानी पेलं अन् बैलाकडं गेला.


८ फेब्रुवारी, बुधवार.

बसून राह्यली. आशाकाकू येऊन गेली. म्हने, या खेपेस लवकर? माय म्हने, हवापानी बदललं. आशाकाकू म्हने, हाव, मोसमच तसा हाये, माह्या गाईचं बी तसंच झालं.


१३ फेब्रुवारी, सोमवार.

परवा बुलढाना झालं. हात अजून सुजला हाये, म्हून थोडक्यात लिहाव म्हनलं, पन थोडक्यात होत नाई.

जळगावले छकड्यातून, तिथून मोटारीनं. घाट चढतानी सगळ्या पोरी ओकल्या. तिथं बी कनात. बुलढान्याच्या पोरी वकिलाइच्या, मामलेदाराइच्या, पायात पांढरे बूट. पंच एका सायबाची बायको, मराठी बोले पन जपून.

मी मास्तरच्या आवाजात खेळली. दोनदा गेली, दोनदा दम तुटाच्या आधी कोनाले न शिवता परत आली. आमच्या एकेक पोरी मरत गेल्या. शेवटाले आमच्या बाजूनं मी एकटी उरली, समोर चौघी. ताईनं डोळे मिटले होते.

मी रेघेपाशी थांबली. उंबऱ्यापाशी थांबतेत तशी. आत जाव का नाई हे खरंच ठरलं नव्हतं. बारीक आवाजात गेली तं हारनार, पन पातुर्डं राहनार. माह्या आवाजात गेली तं काय होईन ते मले जळगावलेच समजलं होतं. पुष्पाबाई पुढंच बसल्या होत्या.

मंग मी पाय उचलला. सरकोला नाई.

आवाज पोटातून आला. कनातीच्या भाईर बैल बांधले होते, ते हंबरले म्हने. मले काई ऐकू आलं नाई. दोघीइले शिवली, तिसरीनं पाय धरला, चौथी आंगावर पडली. मी त्याइले घेऊनच रेघेवर हात टाकला. दम तुटला नाई. मोटीचा दम हाये तो, हिरीच्या तळाशी जाऊन येते.

बुलढान्याच्या बाया उठून उभ्या राह्यल्या. जळगावले झाले तेच शब्द, अन् एक नवा. बाप्या, कनात, पोलीस. पंच बाईनं पुष्पाबाईकडं पाह्यलं.

पुष्पाबाईचं तोंड मी पाह्यलं. आवाज ऐकून त्याइले घाम फुटला होता. पन त्याइनं साऱ्या तालुक्यापुढं सांगतलं होतं, "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं." आता मी बाप्या निघाली तं त्याइनं बाप्याच्या हातून कुंकू लावून घेतलं असं झालं असतं, अन् सुनेले त्याची चाल शिक म्हनलं असं झालं असतं.

त्या उठल्या. म्हने, "ही बाई हाये. मी तपासली. जळगावच्या देशमुखाच्या शब्दावर बुलढान्याले भरोसा नसन तं तसं सांगा." मंग बाजूच्या बाईले म्हने, "आमच्याकडं बायाइचे आवाज असेच असतेत." अन् ते एवढ्या जाड आवाजात म्हने का उठलेल्या बाया परत खाली बसल्या.

आमी जिंकलो. मले बक्षीस भेटलं, जरीचं लुगडं, जांभळ्या रंगाचं. बाप्याइले फेटा देतेत.


१५ फेब्रुवारी, बुधवार.

पातुर्ड्याचा निरोप आला. पोरगी चांगली हाये, पन घरात तो आवाज पुरनार नाई. रामराव म्हने, आमच्या हिरीवर इंजन बसोलं हाये, आमाले मोट हाकाले मानूस नाई पायजे.

माय दिवसभर जेवली नाई. मले म्हने, "थोडा दम कमी घेतला असता तं काय मेली असती?" मी म्हनलं, "हाव माय, मेलीच असती. खेळात असंच असते." तिले ते उलट बोलनं वाटलं. मी सरळ सांगतलं होतं.

बा म्हने, "चाल, मिरचीले पानी द्याचं हाये."

आज मोटीवर मी मोठ्यानं बोलली बैलाइसंगं. रस्त्यानं लोक थांबून पाहत होते. सोयरीक मोडली तं वाईट वाटाले पायजे. मी वाट पाह्यली. अजून वाटलं नाई. उद्या वाटन.


१६ फेब्रुवारी, गुरुवार.

शिवरात्र दोन दिवसावर आली अन् नाटकवाल्याइनं मास्तरले राणीच्या कामातून काढलं. कमेटीचे उकंडराव चावडीवर सगळ्याइसमोर म्हने, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. आता तुमी बाई वाटत नाई. गाल बसले. शेगावचा एक पोरगा भेटला हाये, कोवळा." मास्तरले प्रधानाचं काम देल्लं, दाढी लावून.

कोनं तपासलं मास्तरले, ते मी इचारलं. बा म्हने, असंच, बसल्या बसल्या.

सांजच्याले मी त्याइच्या घरी गेली. मास्तर ओट्यावर बसले होते, दाढी मांडीवर. मी जरीचं लुगडं समोर ठेवलं. काय बोलाव ते सुचलं नाई, म्हून म्हनलं, "शिकोनीचं."

ते म्हने, "तुह्या लग्नात लागन."

मी म्हनलं, "लग्न मोडलं. मी तुमची चाल इसरली."

मास्तरनं लुगड्यावरून हात फिरोला. म्हने, "बाई दिसाचं असन तं इसरू नये." मंग मांडीवरची दाढी बाजूले ठेवून म्हने, "पन बरं केलं." लुगडं घेतलं का नाई ते मी पाहाले थांबली नाई.


१९ फेब्रुवारी, रविवार.

काल नाटक झालं. शेगावचं पोट्टं चांगलं दिसते, पन उंबऱ्यापाशी थांबलं नाई, सरळ आत गेलं. आशाकाकू म्हने, याले काई येत नाई. प्रधान आलाच नाई. मास्तरले ताप आला असं उकंडरावनं सांगतलं, अन् दाढी दुसऱ्याले लावली.

सकाळी हिरीवर जातानी मी मास्तरच्या घरावरून गेली. ताप काई दिसला नाई, मास्तर गानं म्हनत आंगन झाडून राह्यले होते. मांगच्या आंगनात दोरीवर ते जांभळं लुगडं वाळत होतं, धुतलेलं, पिळलेलं. मले थोडा रागच आला. जरीचं कोरं लुगडं कोनी नेसल्याबिगर धुवून टाकते का? येवढं तं मास्तरले माहीत पायजे. त्याइनंच तं मले सारं शिकोलं.